स्पार्क तर येतोय, मग घोळ कुठे?

जुन्या फियाट, अँबेसेडरवर हात काळे केलेले एखादे मेकॅनिककाका गाठा आणि सांगा, गाडी स्टार्ट होत नाहीये. ते आधी बॅटरी बघतील, मग कॉइल. मग ‘डेल्को’चं झाकण काढून पॉइंट तपासतील. शेवटी प्लग काढून, वायर लावून इंजिनला टेकवतील आणि ठिणगी पडते का ते बघतील. करंट जिथून निघतो तिथून सुरुवात करायची आणि कुठे अडतो ते शोधायचं, इतकी सोपी पद्धत.

पण हा ‘डेल्को’ शब्द आला कुठून? अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या एका कंपनीच्या नावावरून. डेटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, थोडक्यात डेल्को. आणि तिच्यामागचं डोकं होतं चार्ल्स केटरिंगचं.

केटरिंगचा जन्म १८७६ मध्ये ओहायो राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबात झाला. डोळे लहानपणापासून कमजोर. वाचायला बसला की डोकं ठणकायचं. त्यापायी कॉलेज सोडावं लागलं, तेव्हा पठ्ठ्याने टेलिफोनच्या तारा टाकायचं काम केलं. मग पुन्हा कॉलेज. १९०४ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगची डिग्री हातात पडली, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. वर्ष वाया गेलं म्हणून टेन्शन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

पहिली नोकरी दुकानातले गल्ल्याचे यंत्र बनवणाऱ्या कंपनीत. तिथे त्याने हाताने चालणाऱ्या यंत्राला छोटी मोटर बसवली. मग एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घराच्या आवारातल्या कोठारात, नोकरी सांभाळून, रात्री जागून, मित्रांना घेऊन तो गाडीच्या इग्निशनच्या मागे लागला. तेव्हाच्या कॉइल्स एकामागून एक ठिणग्यांचा मारा करायच्या आणि सेल भराभर संपायचे. केटरिंगला हवी होती नेमक्या वेळी पडणारी एकच दमदार ठिणगी. बॅटरीचा करंट कॉइलमधून जातो, पॉइंट उघडला की तो तुटतो आणि त्याच क्षणी कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. तीच प्लगमधली ठिणगी. १९०९ मध्ये कॅडिलॅककडून आठ हजार सेटची ऑर्डर आली आणि डेल्को उभी राहिली.

पाठोपाठ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा सेल्फ स्टार्टर आला. तोवर गाडी हँडल फिरवून सुरू करावी लागे आणि उलटा झटका बसला तर हात मोडायचा. मोटर क्षणभरच चालणार असेल तर ती छोटी असली तरी भागतं, ही गल्ल्याच्या यंत्रावरची शिकवण इथे कामी आली.

मात्र खरी परीक्षा पुढे होती. चढावर गाड्यांची इंजिनं ठकठक वाजू लागली. याला म्हणतात नॉकिंग. खापर फुटलं केटरिंगच्या इग्निशनवर. दुसरा कुणी असता तर वाद घालत बसला असता. याने थॉमस मिजली या तरुण इंजिनीअरला तपासाला लावलं. सिलिंडरमधला दाब मोजल्यावर दिसलं की दाबाचा तो विचित्र झटका ठिणगीच्या आधी नाही, ठिणगी पडून गेल्यावर बसतोय. म्हणजे ठिणगी निर्दोष, दोष इंधनाच्या जळण्यात!

निदान अगदी बरोबर. आता उपाय हवा होता. असंख्य रसायनं तपासल्यावर डिसेंबर १९२१ मध्ये शिशाचं एक संयुग सापडलं, टेट्राएथिल लेड. गॅलनभर पेट्रोलला चमचाभरही लागत नव्हतं, वर पेटंट घेता येत होतं. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग कमी होतं, हे या टीमला माहीत होतं. शिसं विषारी असतं, हेही जगाला आधीपासून ठाऊक होतं. खुद्द मिजलीला शिशाची बाधा झाली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार मेले. १९२५ मध्ये विक्री थांबली, १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. हे रसायन विकणाऱ्या एथिल कंपनीचा पहिला अध्यक्ष होता केटरिंगच, आणि तो शिशाच्या बाजूने ठाम उभा राहिला.

१९५८ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या नावावर शेकडो पेटंट होती, आणि न्यूयॉर्कमधल्या कॅन्सर संशोधन संस्थेलाही त्याचं नाव होतं. शिसं मात्र त्याच्यानंतरही धुरातून बाहेर पडतच राहिलं. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत १९९५ मध्ये शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं, देशभरातून शिसं हटायला २००० साल उजाडलं. तोवर कित्येक पिढ्यांतल्या मुलांच्या शरीरात ते श्वासावाटे गेलं होतं, आणि लहान मुलांच्या मेंदूलाच त्याचा सर्वांत जास्त धोका.

पॉइंटवाली सर्किट आता नव्या गाड्यांत नाहीत, तिथे इलेक्ट्रॉनिक्स आलंय. पण आपल्यातले कितीतरी जण उद्या कुठल्या ना कुठल्या लॅबमध्ये किंवा स्टार्टअपमध्ये बिघाड शोधत बसणार आहेत. केटरिंगसारखा तो शोधाच, आळ आपल्यावर आला तरी न चिडता, टप्प्याटप्प्याने. फक्त तो सापडल्यावर एक टप्पा आणखी तपासा: आपला उपाय पुढे कुणाच्या नाकातोंडात जाणार आहे? तिथे केटरिंग चुकला.