अदृश्य किरणांचे शोधक विल्यम हर्शल

विल्यम हर्शल यांचा जन्म १७३८ साली हॅनोव्हर येथे एका लष्करी वादकाच्या घरी झाला. १७५७ साली ते इंग्लंडात आले व संगीतावर चरितार्थ चालवू लागले. विद्यापीठाचे शिक्षण नसता त्यांनी स्वहस्ते आरसे घासून दुर्बिणी सिद्ध केल्या आणि १७८१ साली युरेनस ग्रह शोधला.

सूर्य न्याहाळताना निरनिराळ्या रंगांच्या काचांतून कमीअधिक उष्णता येते, हे त्यांच्या ध्यानी आले. १८०० साली त्यांनी लोलकाने सूर्यप्रकाशाचे रंग अलग केले व त्यांत काळ्या गोळ्याचा उष्णतामापक ठेवला. जांभळ्याहून हिरव्यात व हिरव्याहून तांबड्यात पारा अधिक चढला. तांबड्यापलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथे तो त्याहूनही वर गेला. हेच अवरक्त किरण होत. ते आरशावरून परावर्तित होतात, भिंगातून वळतात, आणि काही पदार्थ ते शोषून घेतात, हेही त्यांनी प्रयोगांनी दाखविले. मात्र ते प्रकाशाहून भिन्न जातीचे, असा त्यांचा ग्रह झाला. ती चूक पुढील संशोधकांनी दुरुस्त केली.

१८२२ साली स्लाउ येथे त्यांचे देहावसान झाले. जेथे काही दिसत नाही तेथेही मोजून पाहावे, हा त्यांचा धडा आपल्या ज्ञातीतील विद्यार्थिवर्गाने अवश्य गिरवावा.