संत बाथिल्ड : बटीक, राणी व मठवासिनी

बोरिवलीनजीक मंडपेश्वर येथें १६ व्या शतकांत फ्रान्सिस्कन मठवासीयांचा जो मठ होता, त्यास पोर्तुगालच्या राजाचा आश्रय होता, हें माहुलच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. राजांनीं मठांस जमिनी द्याव्या ही युरोपांतील फार जुनी चाल. परंतु मठास जमीन देणें निराळें आणि त्याच मठाच्या स्वयंपाकघरांत राबणें निराळें. फ्रँक लोकांच्या बाथिल्ड राणीनें हीं दोन्हीं केलीं.

ती जन्मानें इंग्लंडांतील सॅक्सन. लहान वयांत ती बटीक म्हणून विकली गेली व हल्लींच्या फ्रान्स देशांत राजाचा मुख्य कारभारी एर्किनोआल्ड याच्या घरीं आली. तेथें ती धन्यास पेला देई व वडील स्त्रियांचे पाय धुई. धन्यानें तिच्याशीं विवाह करूं इच्छिलें तेव्हां ती चिंध्या पांघरून लपून बसली, असें तिच्या मृत्यूनंतर लवकरच रचिलेल्या चरित्रांत आहे. पुढें, इ. स. ६४८ च्या सुमारास, राजा दुसरा क्लोव्हिस यानें तिचें पाणिग्रहण केलें. तिचे तिन्ही पुत्र कालांतरानें राजे झाले.

६५७ सालीं राजा वारला. थोरला क्लोटार बालक असल्यानें राज्यभार राणीवर पडला. तिनें ख्रिस्ती मनुष्यांस गुलाम म्हणून परमुलखीं नेण्यास मनाई केली, आणि पदरचें द्रव्य वेंचून कित्येकांस, विशेषेंकरून आपल्या सॅक्सन बांधवांस, सोडविलें. जिची स्वतःची किंमत एकदां बाजारांत ठरली होती, तिला या कायद्याचें मर्म कोणी शिकवावयास नको होतें. तिनें कॉर्बी येथें पुरुषांचा व पॅरिसजवळ शेल येथें स्त्रियांचा मठ वसविला.

तिच्या कारकीर्दींत लिओं येथील बिशपाचा वध झाला, व एका इंग्रज चरित्रकारानें तो तिच्या माथीं मारिला. पुष्कळ पंडित तो दोष तिच्यावर ठेवीत नाहींत. तथापि संतचरित्रांतून असल्या गोष्टी गाळाव्या, हें मला पसंत नाहीं.

६६५ च्या सुमारास सरदारांनीं तिला सत्तेवरून दूर केलें व ती शेल येथें गेली. मठांत जाण्याची तिची इच्छा पूर्वींपासून होती खरी. पण सरदारांनीं वाट मोकळी केली ती भक्तीस्तव नव्हे, भीतीस्तव. तेथील मठाध्यक्षा बर्टिला, राणीनेंच नेमिलेली. आतां राणी तिच्या आज्ञेंत राहूं लागली. ती भगिनींसाठीं रांधी, आणि शौचकूपही स्वहस्तें साफ करी. ज्या कामांतून राजानें तिला उचलिलें होतें, त्याच कामांकडे ती परत आली. मात्र या खेपेस तिला कोणी विकत घेतलें नव्हतें. पंधरा वर्षें अशीं काढून ती ६८० च्या सुमारास निवर्तली. तिचा सण ३० जानेवारीस येतो.

शेल गांवीं तिचा म्हणून एक तागाचा अंगरखा जतन केलेला आहे. त्यावर गळ्याशीं हार, पदकें व क्रूस आहेत. परंतु ते सर्व रेशमाच्या धाग्यानें भरलेले.