रॅन्सम ओल्ड्स

रॅन्सम एली ओल्ड्स (३ जून, १८६४; जिनिव्हा, ओहायो – २६ ऑगस्ट, १९५०; लॅन्सिंग, मिशिगन) हे अमेरिकन संशोधक व उद्योजक होते. ओल्ड्समोबाइल आणि रिओ या दोन मोटारगाड्यांच्या नाममुद्रा त्यांच्याच नावावरून पडल्या. ओल्ड्समोबाइलची कर्व्ह्ड डॅश ही लहान गाडी मोठ्या संख्येने उत्पादित झालेली जगातील पहिली मोटारगाडी मानली जाते. तिच्या यशानंतर थोड्याच काळात ओल्ड्स यांना स्वतःच्या नावाची कंपनी सोडावी लागली. नाव मात्र कंपनीकडेच राहिले. पुढे जनरल मोटर्सच्या मालकीखाली ही नाममुद्रा २००४ सालापर्यंत चालू होती.

बालपण व शिक्षण

ओल्ड्स यांचे वडील प्लायनी फिस्क ओल्ड्स हे लोहारकाम आणि ओतकामाचे साचे बनवण्याचे काम करीत. आईचे नाव सारा होते. रॅन्सम हे भावंडांत सर्वांत धाकटे. कुटुंब काही काळ क्लीव्हलँड परिसरात राहिले आणि १८८० मध्ये मिशिगन राज्यातील लॅन्सिंग येथे स्थायिक झाले. तेथे वडिलांनी थोरला मुलगा वॉलेस याच्यासह यंत्रदुरुस्तीचा कारखाना काढला. रॅन्सम शाळेत असतानाच या कारखान्यात काम करू लागले. शालेय शिक्षण अर्धवट सोडल्यावर त्यांनी लॅन्सिंगमधील एका व्यापारी शिक्षणसंस्थेत हिशेब आणि व्यवहाराचे शिक्षण घेतले. १८८५ मध्ये त्यांनी भावाचा हिस्सा विकत घेतला व ते वडिलांचे भागीदार झाले.

या काळात कारखान्याने एक लहान वाफेचे इंजिन बाजारात आणले. त्यातील पाणी कोळशाऐवजी पेट्रोलच्या शेगडीने तापत असे. त्यामुळे ते लवकर सुरू होई आणि त्यासाठी जागाही कमी लागे. छापखाने व लहान कारखाने यांच्याकडून त्याला मागणी आली आणि ओल्ड्स कुटुंबाचा व्यवसाय वाढला. १८८९ मध्ये रॅन्सम यांचा विवाह मेटा वुडवर्ड यांच्याशी झाला.

वाफेच्या गाड्या आणि मुंबईशी संबंध

ओल्ड्स यांनी १८८७ मध्ये वाफेवर चालणारी तीनचाकी गाडी तयार केली. तिची शक्ती कमी होती, त्यामुळे चढावर ती अडत असे. त्यानंतर त्यांनी अधिक शक्तीची दुसरी गाडी बांधली. सायंटिफिक अमेरिकन या नियतकालिकाने १८९२ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. ही माहिती वाचून लंडनच्या फ्रान्सिस टाइम्स कंपनीने १८९३ मध्ये ती गाडी आपल्या मुंबईतील शाखेसाठी विकत घेतली. अमेरिकेतून परदेशी विकली गेलेली ही पहिली स्वयंचलित गाडी असल्याचे मानले जाते.

वाफेच्या गाडीत बाष्पपात्र, पाणी आणि इंधन या सर्वांचे वजन वाहावे लागे, शिवाय चालवणाऱ्याला बाष्पपात्रावर सतत लक्ष ठेवावे लागे. या अडचणींमुळे ओल्ड्स अंतर्ज्वलन इंजिनाकडे वळले. १८९६ मध्ये त्यांनी पेट्रोलवर चालणारी पहिली गाडी तयार केली. २१ ऑगस्ट, १८९७ रोजी लॅन्सिंगमध्ये ओल्ड्स मोटर व्हेइकल कंपनी स्थापन झाली. ओल्ड्समोबाइलचा इतिहास याच दिवसापासून मोजला जातो. भांडवल अपुरे असल्याने या कंपनीला मोजक्याच गाड्या बनवता आल्या. त्यांपैकी एक गाडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

डेट्रॉइटचा कारखाना व १९०१ची आग

लाकूड व तांब्याच्या व्यवसायात धनवान झालेल्या सॅम्युअल स्मिथ यांनी १८९९ मध्ये मोठे भांडवल पुरवले. त्यातून ओल्ड्स मोटर वर्क्स ही नवी कंपनी उभी राहिली आणि डेट्रॉइटच्या जेफर्सन अव्हेन्यूवर तिचा कारखाना बांधण्यात आला. कंपनीचे बहुसंख्य भाग स्मिथ कुटुंबाकडे होते. तांत्रिक काम आणि कारखान्याचे व्यवस्थापन ओल्ड्स यांच्याकडे, तर आर्थिक कारभार सॅम्युअल यांचे पुत्र फ्रेडरिक स्मिथ यांच्याकडे होता.

कंपनीने आरंभी पेट्रोलच्या व विजेच्या अनेक प्रकारच्या गाड्यांवर प्रयोग केले. ९ मार्च, १९०१ रोजी कारखान्याला आग लागून तो जवळजवळ पूर्ण जळाला. कर्व्ह्ड डॅशचा एकच नमुना एका कर्मचाऱ्याने ढकलत बाहेर काढला आणि म्हणून कंपनीला तीच गाडी बनवणे भाग पडले, अशी कथा पुढे प्रसिद्ध झाली. मात्र या गाडीची जाहिरात आगीपूर्वीच सुरू झाली होती आणि तिच्यासाठी मागण्याही येत होत्या, असे नंतरच्या इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. आगीमुळे इतर प्रयोग मागे पडले आणि सर्व लक्ष या एका गाडीवर केंद्रित झाले. त्याच वर्षी लॅन्सिंगच्या व्यापाऱ्यांनी जुन्या जत्रेच्या मैदानाची जागा देऊ केली आणि कंपनीचे उत्पादन पुन्हा त्या शहरात सुरू झाले.

कर्व्ह्ड डॅश ओल्ड्समोबाइल

पायांपुढची फळी बर्फावरच्या घसरगाडीसारखी वर वळलेली असल्याने या गाडीला कर्व्ह्ड डॅश हे नाव मिळाले. गाडी दोघांना बसण्यापुरती होती. तिचे वजन ३०० किलोग्रॅमच्या आसपास आणि किंमत ६५० डॉलर होती. एका सिलिंडरचे इंजिन साखळीच्या साहाय्याने मागील चाके फिरवत असे. पुढे जाण्यासाठी दोन गिअर व मागे जाण्यासाठी एक गिअर होता. सुकाणूचक्राऐवजी होडीसारखा दांडा होता. इंजिन सुरू करण्याची कळ बैठकीच्या बाजूस असल्याने चालकाला खाली उतरावे लागत नसे. यंत्ररचना साधी होती, त्यामुळे बरीचशी दुरुस्ती मालक स्वतः किंवा गावातील लोहार करू शकत असे. डॉक्टर, दुकानदार यांसारखे मध्यमवर्गीय ग्राहक प्रथमच मोटारगाडीचे मालक होऊ लागले.

आग लागल्यानंतर ओल्ड्स यांनी सुटे भाग बाहेरून घेण्यावर भर दिला. गिअरपेट्या डॉज बंधूंकडून, तर इंजिने हेन्री लेलँड यांच्या कारखान्याकडून येऊ लागली. कारखान्यात गाडीची जुळणी ठरावीक टप्प्यांत होई आणि प्रत्येक टप्प्यावर नेमलेला कामगार एकच काम करी. हेन्री फोर्ड यांनी १९१३ मध्ये सुरू केलेली सरकती जुळणीरांग यापेक्षा वेगळी होती. तरी टप्प्याटप्प्याने जुळणी करण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः ओल्ड्स यांना दिले जाते. १९०१ मध्ये ४२५ गाड्या तयार झाल्या, १९०२ मध्ये सुमारे २,५०० आणि १९०४ मध्ये ५,००० हून अधिक.

गाडीचा टिकाऊपणा लोकांना पटवून देण्यासाठी ओल्ड्स यांनी लांब पल्ल्याच्या प्रवासांचा आधार घेतला. १९०१ च्या शरद ऋतूत रॉय चॅपिन या तरुण कर्मचाऱ्याने डेट्रॉइटहून न्यू यॉर्कच्या मोटार प्रदर्शनापर्यंत गाडी नेली. रस्ते चिखलाने भरलेले असल्याने काही अंतर त्यांनी ईरी कालव्याच्या काठावरील खेचरांच्या वाटेने कापले. वाटेत अनेक दुरुस्त्या करत ते साडेसात दिवसांत पोहोचले. १९०३ मध्ये लेस्टर व्हिटमन आणि यूजीन हॅमंड यांनी हीच गाडी सॅन फ्रान्सिस्कोहून न्यू यॉर्कला नेली. १९०५ मध्ये ओल्ड स्काउट आणि ओल्ड स्टेडी या दोन गाड्यांत न्यू यॉर्क ते ओरेगॉनमधील पोर्टलंड अशी शर्यत झाली. ड्वाइट हस आणि मिलफर्ड विगल यांनी ओल्ड स्काउट ४४ दिवसांत पोर्टलंडला पोहोचवली. त्याच वर्षी ओल्ड्समोबाइलवरील एक गीत अमेरिकेत लोकप्रिय झाले. तोवर ओल्ड्स यांचा या कंपनीशी असलेला संबंध संपला होता.

स्मिथ यांच्याशी मतभेद

विक्री वाढत असताना ओल्ड्स आणि फ्रेडरिक स्मिथ यांच्यातील मतभेद तीव्र झाले. हलकी व स्वस्त गाडीच अधिकाधिक संख्येने बनवावी, असे ओल्ड्स यांचे मत होते. ग्राहकांकडून बिघाडाच्या तक्रारी येत होत्या. एका सिलिंडरच्या गाडीचे दिवस संपत आले आहेत आणि मोठ्या, महागड्या गाड्यांकडे वळले पाहिजे, असे स्मिथ यांना वाटत होते. १९०३ मध्ये स्मिथ यांनी ओल्ड्स यांना विश्वासात न घेता एक प्रायोगिक विभाग सुरू केला. ओल्ड्स यांनी त्याला आक्षेप घेतला, पण त्यांच्याकडे बहुसंख्य भाग नसल्याने त्यांचे चालले नाही. १९०४ च्या आरंभी त्यांनी कंपनी सोडली.

मोठ्या गाड्यांकडे वळण्याचा स्मिथ यांचा निर्णय कंपनीला मानवला नाही. उत्पादन घसरत गेले आणि १९०८ मध्ये ते एक हजाराच्या आसपास आले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये विल्यम ड्युरंट यांच्या जनरल मोटर्सने ओल्ड्स मोटर वर्क्स ताब्यात घेतली.

रिओ मोटर कार कंपनी

ऑगस्ट १९०४ मध्ये लॅन्सिंगमधील भागधारकांनी ओल्ड्स यांच्यासाठी नवी कंपनी स्थापन केली. या वेळी निम्म्याहून अधिक भाग ओल्ड्स यांनी स्वतःकडे ठेवले. कंपनीचे नाव प्रथम आर. ई. ओल्ड्स कंपनी असे होते. जुन्या कंपनीने त्यास हरकत घेऊन न्यायालयात जाण्याचा इशारा दिला. तेव्हा ओल्ड्स यांनी आपल्या नावाची तीन आद्याक्षरे जोडून रिओ हे नाव घेतले. काही वर्षांतच रिओची विक्री ओल्ड्समोबाइलपेक्षा अधिक झाली आणि तिची गणना देशातील आघाडीच्या उत्पादकांत होऊ लागली.

१९०८ मध्ये ड्युरंट यांनी फोर्ड, ब्यूक, रिओ आणि मॅक्सवेल-ब्रिस्को या कंपन्यांच्या एकत्रीकरणाचा प्रस्ताव मांडला. फोर्ड यांनी रोख रकमेची मागणी केली, त्यापाठोपाठ ओल्ड्स यांनीही तशीच मागणी केली. त्यामुळे बोलणी फिसकटली. १९१२ मध्ये रिओ द फिफ्थ ही आपली निरोपाची गाडी असल्याचे ओल्ड्स यांनी जाहिरातीतून जाहीर केले. त्यानंतर दैनंदिन कारभारातील त्यांचे लक्ष कमी होत गेले. रिओने १९१५ मध्ये आणलेला स्पीड वॅगन हा हलका मालट्रक अतिशय यशस्वी ठरला. १९६७ मध्ये इलिनॉय राज्यात स्थापन झालेल्या एका रॉक संगीतवृंदाने या ट्रकचेच नाव घेतले. महामंदीत रिओच्या प्रवासी गाड्यांची विक्री कोसळली. १९३६ मध्ये त्यांचे उत्पादन बंद झाले आणि कंपनी केवळ ट्रक बनवू लागली.

इतर उपक्रम

मोटार व्यवसायाबाहेरही ओल्ड्स यांनी अनेक उपक्रम केले. गवत कापण्याचे इंजिनवर चालणारे यंत्र त्यांनी तयार केले व त्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली. १९१६ मध्ये फ्लोरिडात टॅम्पा उपसागराजवळ ३७,००० एकरांहून अधिक जमीन विकत घेऊन त्यांनी ओल्ड्समार हे शहर वसवले. वसाहत अपेक्षेप्रमाणे वाढली नाही आणि या योजनेत त्यांचे मोठे नुकसान झाले. शहर मात्र आजही त्याच नावाने अस्तित्वात आहे. लॅन्सिंगजवळील कृषी महाविद्यालयाची अभियांत्रिकीची इमारत १९१६ मध्ये जळाली, तेव्हा तिच्या पुनर्बांधणीसाठी त्यांनी १ लाख डॉलरची देणगी दिली. हे महाविद्यालय पुढे मिशिगन स्टेट विद्यापीठ झाले. लॅन्सिंगमधील १९३१ साली पूर्ण झालेली ओल्ड्स टॉवर ही उंच इमारतही त्यांनीच बांधवून घेतली.

२६ ऑगस्ट, १९५० रोजी वयाच्या ८६व्या वर्षी लॅन्सिंग येथे ओल्ड्स यांचे निधन झाले. तेथील माउंट होप दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

ओल्ड्स यांच्या पश्चात ओल्ड्समोबाइल नव्या तंत्रज्ञानासाठी ओळखली गेली. १९४० च्या गाड्यांत आलेला हायड्रा-मॅटिक स्वयंचलित गिअर, १९४९ चे रॉकेट व्ही-८ इंजिन आणि १९६६ ची पुढील चाकांवर चालणारी टोरोनाडो ही त्याची प्रमुख उदाहरणे होत. १९७६ मध्ये कटलस ही अमेरिकेत सर्वाधिक विकली जाणारी गाडी ठरली आणि १९७७ मध्ये ओल्ड्समोबाइलची वार्षिक विक्री १० लाखांवर गेली.

त्याच सुमारास ग्राहकांचा विश्वास डळमळू लागला. ओल्ड्समोबाइल म्हणून घेतलेल्या काही गाड्यांत शेवरलेचे इंजिन असल्याचे मालकांच्या लक्षात आले आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९७८ पासून विकलेल्या डिझेल इंजिनांत सिलिंडरच्या माथ्याचे बोल्ट तुटणे व इंधनातील पाण्यामुळे पंप निकामी होणे असे दोष वारंवार आढळले. जनरल मोटर्सच्या निरनिराळ्या नाममुद्रांच्या गाड्या एकसारख्या दिसू लागल्याने ओल्ड्समोबाइलचे वेगळेपणही कमी झाले. ही आता वडिलांच्या पिढीची गाडी राहिली नाही, असे सांगणाऱ्या १९८८ च्या जाहिरातींनीही तरुण ग्राहक मिळाले नाहीत. नाममुद्रा बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २००० मध्ये जाहीर झाला. २९ एप्रिल, २००४ रोजी लॅन्सिंगच्या कारखान्यातून शेवटची गाडी, एक अलेरो, बाहेर पडली. १०७ वर्षांत साडेतीन कोटींहून अधिक ओल्ड्समोबाइल तयार झाल्या होत्या.

ओल्ड्स यांच्या कारखान्यात घडलेल्या अनेकांनी पुढे स्वतंत्र उद्योग उभारले. रॉय चॅपिन व हॉवर्ड कॉफिन यांनी हडसन, जोनाथन मॅक्सवेल यांनी मॅक्सवेल-ब्रिस्को आणि रॉबर्ट हप यांनी हपमोबाइल या गाड्यांच्या स्थापनेत भाग घेतला. चॅपिन पुढे अमेरिकेचे वाणिज्यमंत्रीही झाले. लॅन्सिंगमधील ओल्ड्स यांचे निवासस्थान महामार्गाच्या बांधकामासाठी पाडण्यात आले आणि त्या मार्गालाच त्यांचे नाव देण्यात आले. त्याच शहरातील आर. ई. ओल्ड्स वाहतूक संग्रहालयात ओल्ड्समोबाइल आणि रिओ या दोन्ही नाममुद्रांच्या गाड्या जतन केलेल्या आहेत.