इंटरची परीक्षा द्यायला निघालेले विनोबा सुरतेलाच उतरले, पुढे काय झालं?

सेलूहून वर्ध्याला निघालं की वाटेत पवनार लागतं. (सेलू म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं, परभणीचं नव्हे.) धाम नदीच्या काठावर विनोबा भावेंचा परमधाम आश्रम आहे. शाळेची सहल बहुतेकांची इथे येऊन गेलेली असते. भूदान, पदयात्रा, भारतरत्न एवढं पाठही असतं.

पण दहावीचा निकाल लागतो, घरात सायन्स की कॉमर्स की आर्ट्स यावरून वाद सुरू होतात, तेव्हा याच विनोबांची एक गोष्ट कोणी सांगत नाही. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्यामुळे आता सेलूच्या पोरांनाही पोर्टलवर कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. विनोबांच्या वेळी पोर्टल नव्हतं, पण विषय निवडण्यावरून आई एकीकडे आणि वडील दुसरीकडे, हा सीन मात्र अगदी तोच होता.

तर विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. गाव गागोदे, आजच्या रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यातलं. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्याला होते. माणूस विज्ञाननिष्ठ, रंगांवर प्रयोग करणारा, नव्या जगाकडे डोळे लावून बसलेला. आई रुक्मिणीबाई शिकलेल्या नव्हत्या, पण भक्तीत मुरलेल्या. विन्या दहाच्या आसपासचा असताना सगळं कुटुंब बडोद्याला आलं.

आता त्या काळची मॅट्रिक समजून घ्यावी लागेल. ही परीक्षा बोर्ड नाही, थेट मुंबई विद्यापीठ घ्यायचं. इंग्रजी, गणित, इतिहास-भूगोल यांतून सुटका नव्हती. मुलाला खरी निवड करता यायची ती दुसऱ्या भाषेत. संस्कृत, फारसी, फ्रेंच अशा भाषांतली एक घ्यायची. मॅट्रिक झालं की सरकारी कचेरीतली कारकुनी मिळायची किंवा कॉलेजचं दार उघडायचं. कॉलेजात दोन वर्षांनी इंटर, मग बीए. एक पायरी चुकली की पुढची बंद.

वडिलांचं म्हणणं होतं, फ्रेंच घे. पुढे उपयोगी पडेल. आईला हे काही पटलं नाही. ब्राह्मणाच्या पोरानं संस्कृत शिकायचं नाही, तर कोणी शिकायचं, असा तिचा सरळ हिशोब. शाळेत चाललं वडिलांचं. विन्यानं फ्रेंच घेतलं आणि आईला समजावलं की संस्कृत काय, घरीही शिकता येईल. त्या वयात अशी आश्वासनं सगळेच देतात. विनोबांनी ते पाळलं, पण त्याला वेळ लागला.

पोरगा हुशार होता, गणितात तर फारच. पण अभ्यासक्रमात त्याचं मन रमत नव्हतं. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात वाचनालयं चांगली होती आणि विनायकाचा निम्मा दिवस तिथेच जायचा. मित्रांना गोळा करून विद्यार्थी मंडळ काढलं होतं, तिथे वाचन, व्याख्यानं, वादविवाद चालायचे. गोपाळराव काळे, रघुनाथ धोत्रे, मोघे हे याच टोळीतले मित्र, पुढे विनोबांच्या मागोमाग तेही याच कामात आले.

१९१३ ला मॅट्रिक झाली. बडोदा कॉलेजात नाव घातलं. घरच्यांना वाटलं, गाडी रुळावर आहे.

एक दिवस आई चुलीपाशी स्वयंपाक करत होती. विनायक आला, हातात कागदांची गुंडाळी होती, ती त्यानं चुलीत धरली. आईनं विचारलं तेव्हा कळलं की ही सर्टिफिकेटं आहेत. मॅट्रिकचंही त्यात. आत्ता लागत नसतील, पण राहू दे की जवळ, असं आईचं साधं म्हणणं. त्यावर त्याचं उत्तर असं की, जवळ राहिली तर पुढे कधीतरी वापरायचा मोह होईल. म्हणजे नोकरी करायची नाही हे ठरलं होतंच, परतीचा रस्ताही स्वतःच्या हातानं बंद केला.

मग आला २५ मार्च १९१६. बडोदा कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं, त्यामुळे इंटरची परीक्षा द्यायला मुंबईला जावं लागायचं. वीस वर्षांचा विनायक मित्रांबरोबर मुंबईच्या गाडीत बसला. सुरत आलं. तो उतरला आणि भुसावळकडे जाणारी गाडी पकडून काशीच्या वाटेला लागला. वडिलांना पत्र टाकून कळवलं की परीक्षेला जात नाहीये, दुसरीकडे चाललोय, पण हातून वावगं काही होणार नाही एवढी खात्री ठेवा. त्या पत्रानं नरहररावांचं काय झालं असेल याचा अंदाज आजचा कुठलाही बाप करू शकेल.

काशीत काय केलं? संस्कृत शिकायला सुरुवात. एका वेळचं जेवण अन्नछत्रात, वर दोन पैसे दक्षिणा मिळायची, त्यावर संध्याकाळ भागायची.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. सर्टिफिकेट जाळून उपाशी न मरण्याची सोय त्या काळात सगळ्यांना नव्हती. काशीचं अन्नछत्र ब्राह्मण विद्यार्थ्याला जेवू घालायचं, इतर कितीतरी जणांना दारातही उभं करत नव्हतं. विनोबांपेक्षा चारच वर्षांनी मोठे असलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घ्यायचं होतं, ते घेऊ दिलं नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ ला ते मॅट्रिक झाले आणि तिथून पुढची एकेक पदवी त्यांच्यासाठी हत्यार ठरली. एकाला दुसरी भाषा निवडता आली, दुसऱ्यावर ती लादली गेली. विनोबांची गोष्ट वाचून मार्कशीट पेटवायला निघणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात.

काशीच्या हिंदू विद्यापीठात त्याच वर्षी फेब्रुवारीत गांधीजींचं भाषण झालं होतं आणि शहरात त्याची चर्चा अजून चालू होती. विनायकानं गांधीजींना पत्रं लिहून प्रश्न विचारले. पत्रातून हे सुटणार नाही, आश्रमात ये, असा निरोप आला. ७ जून १९१६ ला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघांची पहिली भेट झाली. विनायकाचा विनोबा झाला तो आश्रमातच.

संस्कृतचं राहिलेलं काम मात्र डोक्यात होतंच. गांधीजींकडून वर्षभराची रजा घेऊन विनोबा वाईला गेले, प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांपाशी उपनिषदं, ब्रह्मसूत्रं शिकले आणि वर्ष भरताच ठरल्या दिवशी आश्रमात हजर. कोणतीही परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. हजेरी मात्र पक्की.

आईला संस्कृत गीता कळत नव्हती. मराठीतली आणून दिली, तीही अवघड वाटली. मग तूच का लिहीत नाहीस, असं ती मुलाला म्हणाली होती. १९१८ च्या साथीत आई गेली. ७ ऑक्टोबर १९३० ला वर्ध्यात विनोबांनी गीतेचा मराठी समश्लोकी अनुवाद करायला घेतला आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला पुरा केला. तीच 'गीताई'. शाळेत न घेतलेल्या विषयाचा निकाल असा जवळपास वीस वर्षांनी लागला.

वर्ध्याला ते आले ८ एप्रिल १९२१ ला. जमनालाल बजाज यांना इथे सत्याग्रह आश्रम हवा होता, गांधीजींनी विनोबांना पाठवलं. १९३८ मध्ये मुक्काम पवनारला हलला.

त्याच्या आदल्या वर्षी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला, वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिथून झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि तिच्यात विनोबा सभासद होते. म्हणजे इंटर न दिलेला माणूस देशाचा अभ्यासक्रम ठरवायला बसला! समितीनं सात वर्षांचं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतलं शिक्षण सुचवलं. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं हस्तव्यवसायाला. मातृभाषेला ४० मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून आणखी ४०. इंग्रजी या सात वर्षांत नाहीच. हीच नई तालीम.

अडचण आली ती ओळखीच्याच जागी. या शाळांमधून निघालेल्या मुलांचं पुढे काय? विद्यापीठाचा दरवाजा नेहमीच्या मॅट्रिकवाल्यांसाठी होता, नोकरीचाही. सूत कातून, शेत राबून मुलगा शहाणा झाला तरी कचेरीत विचारणार सर्टिफिकेटच. पालकांनी आपापला हिशोब केला आणि मुलं नेहमीच्या शाळेत घातली. यात पालकांना दोष देणं सोपं आहे, पण ते योग्य होणार नाही.

विनोबांना हा पेच दिसत होता. म्हणून त्यांची मागणी वेगळी होती: नोकरी आणि पदवी यांची गाठच सोडवा. ज्या खात्याला माणूस हवा त्यानं स्वतः परीक्षा घ्यावी. उमेदवार कुठे शिकला, किती शिकला हे विचारू नये. तसं झालं तर शाळा-कॉलेजात फक्त शिकायला येणारे येतील. भूदानासाठी १९५१ पासून वर्षानुवर्षं पायी फिरतानाही शिक्षणावर बोलताना ते हा मुद्दा मांडत राहिले.

१५ नोव्हेंबर १९८२ ला, अन्न आणि औषध सोडून, पवनारलाच त्यांनी देह ठेवला. चार वर्षांनी, १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात, निवडक क्षेत्रांत पदवी आणि नोकरी वेगळी करण्याचं कलम आलं. एमपीएससीच्या राज्यसेवेचा अर्ज भरायला मात्र आजही पदवी लागतेच. कोणत्या विषयाची, हे बहुतेक पदांना चालतं.