नागिणीचं वय

घरात कुणाला नागीण उठली की एखादं वडीलधारं माणूस हमखास बजावतं, तिचं तोंड आणि शेपूट भेटता कामा नये. भेटली की माणूस गेला. सुदैवाने ती सहसा भेटत नाहीत. एका बाजूच्या एका मज्जातंतूच्या वाटेने पुरळ उठतं आणि शरीराच्या मध्यरेषेवर येऊन थांबतं. या अर्ध्या पट्ट्याने जगभरच्या लोकांचं लक्ष वेधलं. इंग्रजीतला शिंगल्स हा शब्द कमरपट्ट्याच्या लॅटिन शब्दावरून आला आणि वैद्यकातला झोस्टर हा ग्रीक शब्दही पट्ट्याचाच.

पट्टा सगळ्यांना दिसत होता. तो कुणाला उठतो, कोणत्या वयात उठतो आणि का, याचं उत्तर मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या एका गावच्या डॉक्टरने शोधलं. त्याची मुख्य साधनं होती एक वही आणि भरपूर चिकाटी. नागिणीची लस कोणत्या वयापासून द्यावी, यावर आज जे नियम होतात त्यांचं मूळ त्या वहीत आहे. आणि वयाची अट कुठे लंगडी पडते, तेही त्याच वहीतून कळतं.

रॉबर्ट एडगर होप-सिम्पसन यांचा जन्म 1908 चा. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातून 1932 मध्ये ते डॉक्टर झाले आणि डॉर्सेट परगण्यातल्या बीमिन्स्टर या छोट्या गावी त्यांनी व्यवसाय सुरू केला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये फ्लूची मोठी साथ आली. घराघरांत फिरणाऱ्या या तरुण डॉक्टरला साथींचं कोडं तेव्हा जे लागलं, ते आयुष्यभर सुटलं नाही. त्यांच्यापुढे एक उदाहरणही होतं. यॉर्कशरच्या खोऱ्यात विल्यम पिकल्स नावाचे डॉक्टर आपल्या गावातल्या साथींची वर्षानुवर्षं टिपणं ठेवत होते, आणि 1939 मध्ये त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. संशोधन करायला मोठं रुग्णालय लागत नाही, हे त्या पुस्तकाने अनेक खेडेगावच्या डॉक्टरांना दाखवून दिलं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर होप-सिम्पसन ग्लॉस्टरशरमधल्या सायरेन्सेस्टर या जुन्या बाजारगावी आले. तिथे त्यांनी दवाखान्याच्या जोडीला साथरोगांच्या अभ्यासाचं एक छोटं केंद्र उभं केलं. सकाळी रुग्ण तपासायचे, दुपारी घरी भेटी द्यायच्या आणि जे पाहिलं ते लिहून ठेवायचं, हा त्यांचा शिरस्ता.

त्या काळी नागिणीबद्दल काय ठाऊक होतं? बुडापेस्टच्या यानोश बोकाय या बालरोगतज्ज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच नोंदवलं होतं, की घरात मोठ्या माणसाला नागीण उठली की थोड्या दिवसांनी मुलांना कांजिण्या येतात. लंडनमध्ये हेन्री हेड आणि कॅम्पबेल यांनी 1900 मध्ये मृत रुग्णांचे मज्जातंतू तपासून दाखवलं, की इजा पाठीच्या कण्याजवळच्या संवेदी मज्जातंतूंच्या गाठींमध्ये झालेली असते. पुढे 1950 च्या दशकात अमेरिकेत थॉमस वेलर यांनी कांजिण्या आणि नागीण या दोन्हींच्या फोडांमधून विषाणू वाढवले, आणि दोघांत फरक सापडेना.

पण मुख्य प्रश्न तसाच होता. सत्तर वर्षांच्या आजीच्या बरगडीखालच्या मज्जातंतूत हा विषाणू पोचतो कसा? कांजिण्या आलेल्या नातवाकडून तिला तो नव्याने लागतो, की तो तिच्या अंगात आधीपासूनच असतो?

हे प्रयोगशाळेत कळणारं नव्हतं. रुग्णालयातही कळणारं नव्हतं, कारण रुग्णालयाला फक्त आजारी माणसं दिसतात. किती जणांना नागीण झाली, हे सांगायला किती जणांना झाली नाही, हेही मोजावं लागतं. ती संख्या गावच्या डॉक्टरकडे होती. होप-सिम्पसन यांच्याकडे सुमारे साडेतीन हजार माणसं नोंदलेली होती. प्रत्येकाचं वय त्यांना ठाऊक होतं, कुणाच्या घरी मुलं आजारी आहेत तेही ठाऊक होतं.

1947 ते 1962 अशी 16 वर्षं त्यांनी आपल्या माणसांपैकी कुणाला नागीण झाली याची नोंद ठेवली. एकूण रुग्ण भरले 192. म्हणजे सरासरी महिन्याला एक. इतक्या संथ गतीने येणाऱ्या आकड्यांसाठी सोळा वर्षं थांबणं सोपं नाही.

आकडे एकत्र मांडल्यावर चित्र स्पष्ट झालं. वर्षाला दर हजार माणसांमागे नागिणीचे रुग्ण होते साधारण साडेतीन. पण वयानुसार पाहिलं तर दहा वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण हजारी एकाहूनही कमी होतं. विशी ते पन्नाशी ते अडीचच्या आसपास रेंगाळत होतं. पन्नाशी ओलांडली की दुप्पट होऊन पाचावर जात होतं, आणि ऐंशीच्या घरात हजारी दहा. त्यांनी हिशेब मांडला, की 85 वर्षांपर्यंत जगणाऱ्या माणसांपैकी निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी नागीण होईल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची होती. कांजिण्यांच्या साथी ठरावीक हंगामात येत आणि ओसरत. नागीण मात्र कोणत्याही महिन्यात उठत होती. गावात कांजिण्या असोत वा नसोत, तिला फरक पडत नव्हता. ती बाहेरून लागत असती तर साथीबरोबर वाढली असती. हा संशय पारखायला होप-सिम्पसन स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांपैकी यल नावाच्या बेटावरही गेले. तुरळक वस्तीच्या अशा बेटावर बाहेरून आलेल्या आजाराचा माग काढणं सोपं असतं.

1965 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या नियतकालिकात त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. लहानपणी कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू शरीरातून जात नाही. तो त्वचेतून मज्जातंतूंच्या वाटेने गाठींमध्ये शिरतो आणि तिथे दशकानुदशकं झोपून राहतो. मधूनमधून तो डोकं वर काढतो, पण प्रतिकारशक्ती त्याला तिथल्या तिथे दाबते. कांजिण्यांच्या रुग्णाशी संबंध आला की ही शक्ती पुन्हा ताजी होते. वय वाढतं तशी ती उतरते, आणि एका पातळीखाली गेली की विषाणू मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. तीच नागीण.

अंदाज धाडसी होता. त्याचा पुरावा यायला जवळपास वीस वर्षं लागली. 1980 च्या दशकात मृत व्यक्तींच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये या विषाणूचा डीएनए सापडला. एकाच माणसाला आधी झालेल्या कांजिण्या आणि नंतर झालेली नागीण यांतला विषाणू एकच असल्याचंही सिद्ध झालं. एका बाबतीत मात्र होप-सिम्पसन यांचा नेम थोडा चुकला होता. विषाणूला दाबून ठेवण्याचं काम रक्तातली प्रतिपिंडं करतात, असं त्यांनी धरलं होतं. ते काम मुख्यतः टी-पेशी करतात, हे पुढे कळलं. वयाबरोबर ओसरते ती या पेशींची ताकद.

ही दुरुस्ती छोटी दिसली तरी तिचा अर्थ मोठा आहे. टी-पेशींची ताकद केवळ म्हातारपणी घटते असं नाही. रक्ताचा कर्करोग, एचआयव्ही, केमोथेरपी, मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर घ्यावी लागणारी औषधं, संधिवातावर दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड, या सगळ्यांत ती तिशीतही घटू शकते. नागिणीच्या बाबतीत असा तिशीतला तरुण साठीच्या धडधाकट माणसाइतका किंवा त्याहून अधिक धोक्यात असतो. शिवाय त्याची नागीण एका पट्ट्यावर न थांबता अंगभर पसरू शकते, फुप्फुसांत किंवा मेंदूतही शिरू शकते.

होप-सिम्पसन यांनी पुढे फ्लूच्या जुन्या कोड्याकडे मोर्चा वळवला. फ्लू हिवाळ्यातच का येतो, त्याचा सूर्याच्या वार्षिक प्रवासाशी संबंध काय, यावर त्यांनी मांडलेली कल्पना सर्वांना पटली नाही, पण आजही ती चर्चेत येते. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1992 मध्ये आलं, तेव्हा ते 84 वर्षांचे होते. 2003 मध्ये त्यांचं निधन झालं.

नागिणीची पहिली लस त्यांना पाहता आली नाही. अमेरिकेत साठीपुढच्या 38 हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2005 मध्ये आले. नागिणीचं प्रमाण त्या लशीने निम्म्यावर आलं. उतरलेली प्रतिकारशक्ती पुन्हा वर नेली तर विषाणू झोपूनच राहील, हे त्यांच्या सिद्धांतातून निघणारं अनुमान खरं ठरलं.

पण त्या लशीत एक अडचण होती. तिच्यात दुबळा केलेला, तरीही जिवंत विषाणू होता. प्रतिकारशक्ती फारच कमी असलेल्या माणसाच्या अंगात तो वाढण्याची भीती, म्हणून अशांना ती निषिद्ध. इंग्लंडमध्ये 2013 मध्ये सत्तरीच्या लोकांसाठी लसीकरण सुरू झालं, तेव्हा ज्यांना सर्वांत जास्त गरज होती ते रांगेबाहेरच राहिले.

2017 मध्ये अमेरिकेत दुसरी लस मंजूर झाली. तिच्यात जिवंत विषाणू नाही. विषाणूचं एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला चेतवणारा घटक आहे, आणि तिचे दोन डोस घ्यायचे असतात. मुख्य चाचणीत पन्नाशीपुढच्या लोकांमध्ये तिने 97 टक्के संरक्षण दिलं. ती दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या लोकांनाही देता येते. तरी परवान्यावर वयाची अट पन्नाशीचीच होती. 2021 मध्ये अमेरिकेने अशा रुग्णांसाठी ती अट 18 वर्षांवर आणली. इंग्लंडने 2023 मध्ये गंभीर स्वरूपाच्या रुग्णांसाठी पन्नास आणि सप्टेंबर 2025 पासून अठरा वर्षं अशी पायरी उतरली.

वयाची अट सरकारं उगीच घालत नाहीत. लस महाग आहे, संरक्षण किती वर्षं टिकतं हा प्रश्न असतो, आणि जन्मतारीख तपासणं सोपं असतं. सर्वसाधारण लोकांसाठी वय हे प्रतिकारशक्तीचं बऱ्यापैकी माप आहे, हे सायरेन्सेस्टरच्या वहीनेच दाखवलं. पण शेवटी ते माप आहे, कारण नव्हे. ज्याच्या बाबतीत कारणच वेगळं आहे, त्याला जन्मतारीख विचारून परत पाठवण्यात अर्थ नाही.

भारतात ही दुसरी लस 2023 मध्ये पन्नाशीपुढच्या लोकांसाठी बाजारात आली. सरकारी लसीकरण कार्यक्रमात ती नाही, त्यामुळे खर्च ज्याचा त्यालाच करावा लागतो. घरात कुणाचं प्रत्यारोपण किंवा केमोथेरपी व्हायची असेल, किंवा संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू व्हायची असतील, तर वय काहीही असो, नागिणीच्या लशीचा विषय डॉक्टरांकडे आधीच काढावा. शक्य असेल तर उपचार सुरू होण्यापूर्वी लस घेतलेली बरी, कारण नंतर शरीर तिला कमी प्रतिसाद देतं.

आणि लस घेण्याआधीच नागीण उठली, तर तोंड आणि शेपूट भेटण्याची वाट पाहू नये, मंत्राची तर नाहीच. विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू झालं, तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. पुरळ डोळ्याजवळ असेल, किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.