सर्पगंधेला कसोटीवर घासणारे डॉ. वकील

उच्च रक्तदाबाचे निदान झाले तरी रुग्णाच्या हाती देण्याजोगे खात्रीचे औषध नाही, अशी १९४० च्या दशकात डॉक्टरांची अवस्था होती. विश्रांती, अळणी जेवण, झोपेच्या गोळ्या आणि फारच बिकट प्रसंगी मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया, एवढेच उपाय होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली मेंदूतील रक्तस्रावाने गेले. रक्तदाब वाढलेला आहे हे त्यांच्या डॉक्टरांना ठाऊक होते.

त्याच काळात मुंबईतील डॉ. रुस्तम जाल वकील एका मुळीच्या मागे लागले होते. १९११ साली मुंबईत जन्मलेले वकील लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन परतले आणि केईएम रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले. सर्पगंधा ही वनस्पती वैद्यांना पूर्वापार परिचित होती. तिने रक्तदाब उतरतो, हे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच नोंदविले होते. शोध वकिलांचा एकट्याचा नव्हे, हे सांगितलेच पाहिजे. मात्र परंपरेने सांगितले म्हणून ते मानायचे नाही आणि परंपरेचे म्हणून नाकारायचेही नाही, ही शिस्त त्यांची. पन्नास रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन, औषधापूर्वीचा आणि नंतरचा रक्तदाब मोजून त्यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले.

त्या लेखाने पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले. बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी औषध वापरून पाहिले. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी १९५२ मध्ये मुळीतील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण.

वकिलांचे दुसरे काम कमी बोलले जाते. हृदयविकाराचा झटका येण्याआधी छातीत वाढत जाणाऱ्या वेदनांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. हा इशारा वेळीच ओळखला तर झटका टाळता येऊ शकतो, हा त्यांचा आग्रह होता. डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासह त्यांनी लिहिलेले रोगनिदानाचे पुस्तक वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यासले. रुग्णाची हकिकत ऐकणे, नाडी पाहणे, छातीला स्टेथोस्कोप लावणे ही त्यातली शिकवण. वाशीम जिल्ह्यातील रुग्णांना पुढच्या तपासण्यांसाठी अनेकदा अकोला किंवा नागपूर गाठावे लागते; मानोरा वा रिसोडच्या दवाखान्यात पहिला अंदाज बांधला जातो तो याच साधनांवर.

रेसर्पिनचे राज्य फार टिकले नाही. काही रुग्णांना नैराश्य येऊ लागल्याच्या तक्रारी झाल्या, अधिक सुटसुटीत औषधे आली आणि सर्पगंधेची गोळी मागे पडली. डॉ. वकील १९७४ मध्ये निवर्तले, तोवर रक्तदाबासाठी रोज गोळी घेणे ही घरोघरची गोष्ट होऊ लागली होती.