जीवदयेचे आधारस्तंभ शेठ मोतीशा

आगाशी येथील श्री मुनिसुव्रतस्वामी जिनालयाच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांना शेठ मोतीशा हे नाव अपरिचित नाही. नालासोपाऱ्याच्या तलावातून प्राप्त झालेली प्रभूंची प्रतिमा, आगाशीच्या किनाऱ्याजवळ खोळंबलेले मोतीशांचे जहाज आणि त्या निमित्ताने उभे राहिलेले जिनालय, ही कथा या परिसरात परंपरेने सांगितली जाते. त्यामुळे जिनमंदिरांचे निर्माते म्हणून शेठजींचे स्मरण नित्य होते. तथापि थकलेल्या आणि कामातून गेलेल्या जीवाचा सांभाळ कोणी करावयाचा, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तरही तितकेच स्मरणीय आहे. वृद्ध, रुग्ण व निराधार यांच्या सेवेसाठी झटणाऱ्या प्रत्येक धर्मादाय संस्थेने ते समजून घ्यावे असे आहे.

शेठ मोतीचंद अमीचंद यांचा जन्म विक्रम संवत १८३८ मध्ये, म्हणजेच इ. स. १७८२ मध्ये मुंबईत, ओसवाल ज्ञातीच्या नाहटा कुळात झाला. त्यांचे पिताश्री अमीचंद साकरचंद हे खंभातहून व्यापारासाठी मुंबईस आले होते. मुंबई त्या काळी बंदर म्हणून झपाट्याने वाढत होती. आपली हुशारी, सचोटी आणि शब्दाचा पक्केपणा या बळावर मोतीशांनी पेढीचा व्यवहार चीनपर्यंत नेला. सुप्रसिद्ध पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभाई यांच्याशी त्यांची भागीदारी आणि तितकीच निकटची मैत्री होती. धर्म वेगळे असूनही दानाच्या कामी हे दोन मित्र नेहमी एकत्र उभे राहिले.

या वैभवाचा मोठा भाग कापूस आणि माळव्याच्या अफूच्या व्यापारातून आला होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. मुंबईतील त्या काळच्या बहुतेक मोठ्या पेढ्या याच व्यापारावर उभ्या होत्या आणि तो तेव्हा प्रतिष्ठेचा मानला जाई. त्या अफूने चीनमध्ये किती संसार उद्ध्वस्त केले याची जाणीव आज जगाला आहे. अहिंसेच्या उपासकाच्या जीवनातील ही विसंगती झाकून ठेवण्याचे कारण नाही. मात्र हाती आलेल्या संपत्तीचा मोठा भाग मोतीशांनी समाजाला परत केला, हेही तितकेच खरे आहे.

विक्रम संवत १८८५ मध्ये (इ. स. १८२८) त्यांनी भायखळा येथे श्री आदीश्वर भगवंतांच्या जिनालयाची प्रतिष्ठा केली. पालिताण्याची यात्रा त्या काळी अतिशय कष्टाची होती. वार्धक्यामुळे, आजारपणामुळे किंवा गरिबीमुळे ज्यांना शत्रुंजयावर जाणे शक्य नसे, त्यांना येथे श्री आदीश्वरांच्या दर्शनाचा लाभ मिळू लागला. कार्तिकी व चैत्री पौर्णिमेस भायखळ्यास यात्रेसाठी जाण्याची मुंबईकर जैनांची प्रथा याच श्रद्धेतून रुजली.

मोतीशांच्या जीवदयेची खरी कसोटी १८३२ मध्ये लागली. मोकाट कुत्र्यांना ठार मारण्याचा हुकूम तत्कालीन इंग्रज सरकारने काढला होता. मारलेल्या कुत्र्यामागे शिपायांना बक्षीस मिळत असल्याने ते अंगणातील पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. श्वानाला पवित्र मानणारे पारशी बांधव संतप्त झाले. जून महिन्यात कोटभागात दंगल उसळली, तीत अन्य समाजाचे लोकही सामील झाले आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले.

दंगल शमली तरी मूळ प्रश्न शिल्लक होता. प्राण्यांना मारू नये असे म्हणणाऱ्यांनी त्यांची जबाबदारी घ्यावयास हवी होती. ती मोतीशा आणि जमशेटजी यांनी उचलली. १८३४ मध्ये मुंबईत भुलेश्वर भागात पांजरापोळ स्थापन झाली. रस्त्यावरची भटकी कुत्री तर तेथे आलीच, शिवाय ओझी वाहून खंगलेले बैल, लंगडे झालेले घोडे, भाकड गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि जखमी पक्षी यांनाही तेथे आसरा मिळाला. उपयोग संपला म्हणजे जगण्याचा अधिकार संपला, हा हिशोब या संस्थेने अमान्य केला.

पांजरापोळीच्या स्थापनेपेक्षाही महत्त्वाची ठरली ती तिच्या निर्वाहाची तरतूद. जागा आणि इमारत दानातून मिळू शकते. परंतु वैरण, पाणी, औषध आणि माणसांचा पगार रोज लागतो. एका धनिकाच्या उदारतेवर अशी संस्था फार दिवस चालत नाही, हे दोघा व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक होते. त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या व्यापाऱ्यांना एकत्र आणून मालाच्या उलाढालीवर पांजरापोळीसाठी लागा ठरवून घेतला. प्रत्येक व्यवहारामागे अल्पशी रक्कम बाजूला पडू लागली. कोणालाही भार वाटू नये आणि मुक्या जीवाचा चारा एकही दिवस चुकू नये, अशी ही योजना होती. हीच भूतदया पुढे माणसांपर्यंतही पोहोचली. जमशेटजींनी बेलासिस रोडवर निराधार व वृद्ध माणसांसाठी धर्मशाळा बांधली.

शत्रुंजय गिरिराजावर भव्य टूंक उभारण्याचा मोतीशांचा संकल्प होता. त्यासाठी दोन शिखरांमधील कुंतासर नावाची खोल दरी भरून काढण्याचे अचाट काम त्यांनी हाती घेतले. मंदिरे पूर्णत्वास येत असतानाच शेठजींची प्रकृती खालावली. आपल्या निधनाच्या शोकापायी प्रतिष्ठेचा मुहूर्त टळू नये, अशी इच्छा त्यांनी कुटुंबीयांपाशी व्यक्त केल्याचे सांगितले जाते. इ. स. १८३६ मध्ये त्यांचे देहावसान झाले. विक्रम संवत १८९३ मध्ये, म्हणजेच इ. स. १८३७ मध्ये, सुपुत्र खीमचंद यांच्या हस्ते प्रतिष्ठा महोत्सव संपन्न झाला. ज्या सोहळ्यासाठी आयुष्यभराची पुंजी वेचली तो पाहण्याचे भाग्य शेठजींना लाभले नाही.

पुढील पिढीत पेढीचे वैभव ओसरले. जहाजे गेली, व्यापार गेला. परंतु भायखळ्याचे जिनालय, शत्रुंजयावरील मोतीशांची टूंक आणि मुंबईची पांजरापोळ टिकून राहिली. यांचा सांभाळ वारसांच्या ऐपतीवर सोडलेला नव्हता. तो सकल संघाने आणि समाजाने आपला मानला होता.

आगाशीचे मूलनायक श्री मुनिसुव्रतस्वामी यांच्या चरित्रात भरुचच्या अश्वाचा प्रसंग प्रसिद्ध आहे. यज्ञात बळी जाणाऱ्या एका घोड्याला प्रतिबोध देण्यासाठी भगवंत स्वतः तेथे गेले, असे आपली परंपरा सांगते. त्याच प्रभूंच्या भक्ताने लंगड्या घोड्यांसाठी आणि थकलेल्या बैलांसाठी आसरा उभारावा, हा योग भाविकांना अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहत नाही.

जैन धर्माने वैयावच्चाला, म्हणजे सेवाशुश्रूषेला, आभ्यंतर तपात स्थान दिले आहे. ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही त्याची सेवा हे तप आहे. अंथरुणाला खिळलेली आजी असो वा गोठ्यातील भाकड गाय, त्यांना घास वेळेवर मिळाला पाहिजे आणि तो देणारा हात उद्याही असला पाहिजे. सेवाकार्याचा संकल्प करताना उद्याच्या घासाची तरतूद आजच करून ठेवावी, हीच शेठ मोतीशांच्या जीवनाची शिकवण आहे.